सात महिने, बारा लिटर आणि एक जाळी

गेल्या मंगळवारी रात्री पंप बंद पडला नसता तर हा रिव्ह्यू लिहायच्या भानगडीत मी पडलेच नसते. दोन दिवस माशांच्या टाकीच्या मागच्या कप्प्यातून कटकट येत होती. मला वाटलं, वरच्या मजल्यावरचे आजोबा सुपारी कातरतायत. मग अकराच्या सुमारास एकदम शांत. सवय झालेला आवाज थांबला की जास्त ऐकू येतो.

टाकी तीच, सगळ्या साइटवर दिसते ती 25 सेंटिमीटरची चौकोनी. मागे फिल्टरचा कप्पा, वर लाइट, सोबत हीटर. 26 जानेवारीच्या सेलमध्ये घेतली. खोक्यावर ‘15 लिटर’ लिहिलंय आणि चित्रात दोन गोल्डफिश आणि चार निऑन टेट्रा हसत फिरतायत. मी एक लिटरच्या बाटलीने मोजून पाणी भरलं. तळाला तीन सेंटिमीटर माती, वर तीन सेंटिमीटर जागा सोडली की जेमतेम बारा बाटल्या बसतात. या पाण्यात गोल्डफिश म्हणजे वन रूम किचनमध्ये म्हैस. तो वीतभर सहज वाढतो आणि घाणही तशीच करतो. दुकानदार मात्र म्हणाला, “दोन आरामात राहतील, ताई.” काच साफ करायला ‘सकर’ मासाही गळ्यात मारत होता. तो मोठा झाल्यावर फूटभराच्या वर जातो, म्हणजे टाकीपेक्षा मोठा.

पण माझी खरी तक्रार जाळीबद्दल आहे. टाकी आणि मागचा कप्पा यांच्यामध्ये उभ्या फटींची प्लास्टिकची पट्टी आहे, तिथून पाणी आत ओढलं जातं. त्या फटीतून आगपेटीची काडी आरपार जाते. मी घालून बघितली आहे. डिझाइन करणाऱ्याने एवढ्या लहान टाकीत काय ठेवायचं याचा पाच मिनिटं जरी विचार केला असता, तर फट निम्मी ठेवली असती.

सुरुवात गप्पींनी केली. एक नर, दोन माद्या. मलेरियावाले विहिरीत आणि टाक्यांत सोडतात तेच हे मासे, फक्त शेपटीला रंग. टाकी भरल्यावर तिसऱ्या दिवशी सोडले, ही माझी चूक. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात हे मला नवव्या दिवशी कळलं, एक मादी उलटी तरंगल्यावर. उरलेलीने मार्चमध्ये पिल्लं दिली. मी सतरा मोजली आणि दुसऱ्या दिवशी चार. बाकीची आईबापांनी खाल्ली असं धरून चालले होते. आठवड्याने कप्पा उघडला तर सहा तिथे पोहत होती! जाळीतून आत गेलेली. गप्पीची मादी एकदा नराबरोबर राहिली की नंतर तो नसला तरी कित्येक महिने पिल्लं देत राहते, हे कळल्यावर मी सगळी फौज दुकानात फुकट परत दिली. होल्डिंग पाँडमध्ये, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यात सोडा, असा सल्ला नवऱ्याने दिला होता. दुकानातून आणलेला मासा बाहेरच्या पाण्यात सोडायचा नसतो.

एप्रिलमध्ये फायटर आणला. एकटा, निळा. एवढ्याशा टाकीसाठी सगळे हाच सुचवतात आणि ते बरोबर आहे. तो वर येऊन हवेतूनही श्वास घेतो आणि त्याला सोबत नकोच असते. पण पंप तासाला 200 लिटर फेकतो. बारा लिटर पाणी तासात सोळा-सतरा वेळा फिरणार! बिचारा दिवसभर पानामागे लपायचा आणि थकला की त्याची शेपटी जाऊन चिकटायची त्याच जाळीला. दोनदा मी बोटाने सोडवली. पंपाचं बटण सगळ्यात कमीवर ठेवूनही तेच. जूनमध्ये वन्सं म्हणाल्या, “दे माझ्याकडे,” आणि तो घोडबंदरला त्यांच्या दोन फुटी टाकीत गेला. आता बारीक शेजारी त्याला घाबरून असतात म्हणे.

मध्ये पी पफरचाही मोह झाला होता. वाटाण्याएवढा, डोळे फिरवत बघणारा. पण तो केरळ-कर्नाटकातल्या नद्यांतला जंगली मासा, तिथे त्याची संख्या घटलेली आहे, आणि त्याला जिवंत खाणं लागतं. स्कार्लेट बॅडिसचंही तसंच, आसाम आणि उत्तर बंगालकडचा दोन सेंटिमीटरचा देखणा मासा, दाण्यांना तोंड लावत नाही. रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी अळ्या पाळणं माझ्याच्याने होणार नाही.

मग आणले चेरी श्रिंप. दहा, प्रत्येकी 30 रुपये. आमच्या सासूबाई रेवदंड्याच्या. त्यांनी पिशवी उजेडात धरली आणि म्हणाल्या, “जवळा आहे गं हा. तीनशे रुपयांचा जवळा?” पुढचे चार दिवस हा किस्सा फोनवरून अलिबाग तालुकाभर गेला. पाचव्या दिवशी दुपारी मला बँकेत फोन, “एक मेली.” घरी येऊन पाहते तर मेलेली नव्हती, कात टाकली होती. काचेसारखं पोकळ कवच, मिशांसकट. ते काढायचं नाही, श्रिंप स्वतःच खातात. तेव्हापासून सासूबाई दुपारची मालिका सोडून टाकीसमोर बसतात.

श्रिंपसाठी टाकीचा आकार पुरतो. घाण नगण्य, खाणं म्हणजे शेवाळ आणि पानं. ऑनलाइन बदामाची दहा पानं 199 ला मिळतात. आमच्या नेरूळच्या सोसायटीत त्याच झाडाखाली झाडूवाल्या मावशी रोज सकाळी ढीग करतात. सुकलेलं तपकिरी पान, धुऊन, उकळून, एका वेळी एक. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने: तांबं असलेलं माशांचं औषध टाकायचं नाही, आणि डासांचं लिक्विड मशीन टाकीच्या खोलीत लावायचं नाही. माशांपेक्षा श्रिंप त्याने लवकर मरतात. पाणी आठवड्याला दोनच लिटर बदलते. शटडाऊननंतर नळाला पहिलं गढूळ पाणी येतं, क्लोरीनचा वासही मारतो, त्या दिवशी तर बदलतच नाही.

जुलैत एका मादीच्या पोटाखाली पिवळसर अंडी दिसली. महिनाभर ती पंख्यासारखे पाय हलवत होती. मग पिल्लं, एकेक जेमतेम दोन मिलिमीटर. आणि समोर तीच जाळी.

तर पंप. कस्टमर केअरला फोन केला. वॉरंटी सहा महिन्यांची, नुकतीच संपलेली. “मॅडम, पूर्ण पंप असेंब्ली घ्यावी लागेल, 649 प्लस कुरिअर.” म्हटलं, बारीक जाळी वेगळी मिळेल का? “जाळी टँकचाच भाग आहे, वेगळी येत नाही. आणि अशी तक्रार आजवर कोणी केली नाही.” म्हणून मी इथे करतेय. एक स्टार.

इथपर्यंत रविवारी लिहिलं होतं. आज बुधवार. काल रात्री 649 रुपये जिवावर आले म्हणून पंप स्वतःच उघडला. पुढचं झाकण ओढलं, चुंबकाचा पंखा बाहेर काढला, तर त्याच्या पात्यात मोहरीएवढी गोगलगाय अडकलेली. झाडांबरोबर फुकट आलेल्या गोगलगायींपैकी एक, जाळीतून आत गेलेली. जुन्या टूथब्रशने घासला, परत बसवला, प्लग लावला. चालू! जळलं काहीच नव्हतं. फोनवरच्या त्या मुलाने ‘एकदा उघडून बघा’ एवढं सांगितलं असतं तर?

आणि मागचा स्पंज पिळायला घेतला तेव्हा त्यात अकरा पिल्लं जिवंत सापडली. चहाच्या गाळणीने एकेक उचलून पुढे सोडली. सासूबाई शेजारी मोठ्याने मोजत होत्या.

म्हणून स्टार एकाचे तीन केले. आठवडाभर पंप बंद असूनही एक श्रिंप गेला नाही. इथे सहा निऑन असते तर मी हे इतक्या शांतपणे लिहीत नसते. चौथा स्टार जाळीला कापला, पाचवा खोक्यावरच्या गोल्डफिशला.

जाळीवर आता आतल्या बाजूने 40 रुपयांचा बारीक स्पंज कापून बसवलाय, रविवारी टाकीच्याच पाण्यात पिळते. हीटर अजून पाकिटात आहे. मे महिन्यात पाणी 31 अंशांवर गेलं होतं, तेव्हा मी बर्फाचा विचार करत होते. लोणावळ्याकडे कोणाला लागणार असेल तर निम्म्या किमतीत देईन.