तळ्याकाठच्या मुक्कामाला चार जणांचा डोम तंबू: घ्यावा का?

तळ्याकाठी मुक्काम ठोकून गाडीने आसपास भटकायचं असेल, तर तंबू दिवसभर रिकामा उभा राहतो आणि रात्री आत चौघांचे श्वास कोंडतात. त्याची परीक्षा या दोन गोष्टींवर व्हावी. विकला जातो मात्र तो 'वॉटरप्रूफ ३००० मिमी' या आकड्यावर. इतक्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापड गळू न देता पेलतं, असा त्याचा अर्थ. साध्या पावसाला १५०० देखील पुरतं, त्यामुळे त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

इथे विचार फायबरग्लासच्या पोलांच्या (लवचिक काठ्यांच्या), दुहेरी कापडाच्या डोमचा, म्हणजे घुमटाकार तंबूचा आहे. आतली जागा साधारण २४० × २१० सेंमी. झोपायची मॅट ६० सेंमी रुंद असते, म्हणजे चार मॅट भिंतीला भिंत लागून बसतात आणि बॅगांना जागा उरत नाही. तिघांना चार जणांचा घ्यावा. चौघे असाल तर दोन-दोन जणांचे दोन तंबू उत्तम; घोरणाऱ्याचीही सोय होते.

खरी अडचण ओलीची. चार माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रीत जवळपास लिटरभर वाफ निघते. पाण्याजवळची हवा मुळातच दमट, त्यात आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की बाहेरचं कापड, म्हणजे फ्लाय, हवेपेक्षाही थंड पडतं आणि वाफ त्यावर जमते. सकाळी पाणी टपकलं की लोक तंबू गळका ठरवतात. बिचाऱ्याचा दोष नसतो. म्हणून घेताना बघायचं ते हे: वरच्या बाजूला दोन व्हेंट, म्हणजे हवा खेळायची झरोके, आहेत का, आतल्या तंबूचा, म्हणजे इनरचा, वरचा भाग जाळीचा आहे का, आणि फ्लाय व इनर यांच्यात सगळीकडे निदान चार बोटं अंतर राहतं का. ताणदोऱ्या ढिल्या राहिल्या की दोन्ही कापडं एकमेकांना चिकटतात आणि तिथूनच ओल आत येते. थंडी वाजते म्हणून व्हेंट बंद केले की सकाळी स्लीपिंग बॅग ओली. आत शेगडी किंवा कोळसा कधीच पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जागा पाण्यापासून साठेक मीटर लांब आणि थोडी उंचावर निवडावी. खोलगटात थंड हवा साचते, शिवाय लांब राहिल्याने पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाट अडत नाही. खाली अंथरायचं ग्राउंडशीट तंबूच्या कडेबाहेर डोकावलं, तर पावसाचं पाणी त्यावर गोळा होऊन तुमच्याच खाली शिरतं. कडा आत दुमडाव्यात.

सोबत मिळणाऱ्या बारीक, अठराएक सेंमीच्या खुंट्या हा या तंबूंचा सर्वांत कच्चा दुवा. काठच्या वाळूत त्या धरतच नाहीत. तिथे पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून, फूटभर खोल पुरावी. घट्ट जमिनीत खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकवून तिरपी ठोकावी. दिवसभर गाडीने बाहेर जायचं असेल, तर निघण्यापूर्वी सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणाव्यात, व्हेंट उघडे ठेवावेत आणि जाळीच्या दारांच्या झिपा लावाव्यात. डोम खुंट्यांशिवायही उभा राहतो, पण रिकामा असताना वाऱ्याची एक झुळूक त्याला उचलून तळ्यात नेते.

फायबरग्लासचे पोल स्वस्त, पण जड, आणि जोडाजवळ उभे चिरतात. आठ-दहा सेंमीची धातूची नळी आणि चिकटपट्टी जवळ असली तर मोडलेल्या पोलावरही रात्र निभते. पोल घडी करताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करावी, म्हणजे आतल्या लवचिक दोरीवर एकसारखा ताण येतो.

रोज मुक्काम हलवणाऱ्यांनी हा तंबू टाळावा. यात बहुधा आधी इनर उभा करावा लागतो, त्यामुळे पावसात तंबू लावताना झोपायची जागा आधीच भिजते. त्यांनी फ्लाय आधी उभा राहणारा तंबू शोधावा. एकाच जागी राहून फिरणाऱ्यांसाठी हा पुरेसा आहे.

शेवटच्या सकाळी फ्लाय ओलाच असणार. तो वेगळ्या पिशवीत, डिकीत सामानाच्या वर ठेवावा आणि घरी पोहोचताच सावलीत वाळवावा. ओला गुंडाळून ठेवला की बुरशी धरते आणि आतला लेप हळूहळू चिकट होऊन सोलतो; तसा तंबू दुरुस्त होत नाही.