कपडे घालताना रडारड: निवड द्यावी की खेळात गुंतवावं?

कपडे दिसले की मूल पळत सुटतं, तेव्हा हे दोन उपाय हाताशी असतात.

वेळ: खेळात लवकर आटोपतं. बाहीतून उलट बाजूने आपला हात घालून मुलाचा पंजा धरायचा आणि ‘हात कुठे गेला?’ म्हणत बाहेर काढायचा. निवडीला पाचेक मिनिटं जास्त धरा. घाईत विचारलं तर मूल अडून बसतं.

कुठे बिघडतं: निवड बहुतेकदा प्रश्नामुळेच फसते. ‘कपडे घालायचे का?’ याचं उत्तर ‘नाही’च येणार. दोनच सदरे समोर धरून ‘लाल की निळा?’ विचारा, कपाट बंद ठेवा. दोन्ही नाकारले तर शांतपणे एक आपण ठरवायचा. खेळ मात्र रोज तोच असला की त्यातली गंमत संपते, शिवाय सगळं काम मोठ्यांनाच करावं लागतं.

पुढचा उपयोग: इथे निवड नक्कीच सरस. स्वतः निवडलेली पँट मूल आपणहून वर ओढायला बघतं. ती सैल इलॅस्टिकची हवी.

गळा अरुंद असेल किंवा लेबल टोचत असेल, तर दोन्ही उपाय फोल. आधी ते तपासा.

अजून नीट न बोलणाऱ्या, किंवा पेंगुळलेल्या मुलासाठी खेळच बरा. ‘मी करणार’ म्हणणाऱ्याला निवड द्या.