श्रीलंका–मालदीव सहल : व्यवस्था चोख, वेळेचा हिशेब कच्चा

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी नागपुरातील एका सहल कंपनीमार्फत श्रीलंका आणि मालदीव अशी आठ दिवसांची सहल केली. हॉटेले, गाड्या आणि शाकाहारी जेवण यांबाबत तक्रारीला जागा नव्हती. हा अभिप्राय मुख्यतः कोलंबो–माले या टप्प्याच्या त्यांनी दिलेल्या तक्त्याविषयी आहे.

त्या तक्त्यात अंतर 775 किलोमीटर आणि जाता-येता वेळ प्रत्येकी एक तास असे छापलेले होते. कटुनायके येथील बंडारनायके विमानतळापासून हुलहुले बेटावरील वेलाना विमानतळापर्यंतचे हवाई अंतर साधारण तेवढेच आहे, म्हणजे नागपूर–मुंबईपेक्षा शंभरेक किलोमीटरच जास्त. आणि सोनेगावहून मुंबईला तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ असतो हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. ताशी 800 किलोमीटरचा वेग विमान उंचीवर गेल्यानंतरचा असतो; धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि थांब्यावर येणे यांचा वेळ निव्वळ भागाकारात येत नाही. या टप्प्यालाही दीड तास धरावा.

मग एक तास आला कोठून? श्रीलंकेचे घड्याळ भारताप्रमाणेच चालते, मालदीवचे अर्धा तास मागे असते, आणि तिकिटावर नेहमी त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. म्हणून कोलंबोहून दहाला निघालेले विमान मालेच्या घड्याळात अकरालाच पोहोचलेले दिसते. परतताना हाच अर्धा तास उलटा मोजला जातो आणि तोच प्रवास दोन तासांचा दिसतो. कंपनीने जातानाचा तास येतानाही तसाच लावला आणि त्यावरून कोलंबोहून चेन्नईचे विमान वेगळ्या तिकिटावर ठरवले. वेगळे तिकीट म्हणजे सामान स्वतः उचलून पुन्हा जमा करायचे, आणि त्यासाठीचा वेळ तासाभराने घटलेला. (भरीस भर म्हणजे आमच्या रिसॉर्टने, तिकडे अनेक रिसॉर्टमध्ये प्रथा आहे त्याप्रमाणे, आपले घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवले होते.)

सी-प्लेनच्या बाबतीत मात्र त्यांची समज पक्की होती. ही विमाने दिवसाउजेडीच उडतात, त्यामुळे मालेला दुपारनंतर पोहोचल्यास एक रात्र तिथेच काढावी लागू शकते, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले आणि जाण्यासाठी सकाळचे विमान निवडले.

निघण्याच्या दोन दिवस आधी तिकिटे हाती आली तेव्हा आम्ही चूक दाखवली. त्यांनी ती लगेच मान्य केली आणि चेन्नईचे विमान त्याच संध्याकाळी पुढे ढकलून दिले. भाड्यातला फरक मात्र अंतिम बिलात आमच्याच नावे लागला.