छोट्या ट्रॅक्टरला पॅलेट फोर्क : पूर्वहंगामीपासून आडसालीपर्यंतच्या वापरानंतर

उसाची रोपवाटिका चालवताना रोपे वाढवण्यापेक्षा सामान इकडून तिकडे नेण्यातच जास्त मनुष्यबळ खर्ची पडते. कोकोपीटच्या विटा, खताच्या गोण्या, बेण्याच्या उसातून काढलेल्या डोळ्यांचे (कोंबांचे) क्रेट, भरलेले ट्रे आणि शेवटी तयार रोपे, हे सगळे कोणाच्या तरी डोक्यावरून नाहीतर हातगाड्यावरून जात असते. करवीर तालुक्यात केर्लीच्या बाजूला असलेल्या आमच्या रोपवाटिकेत 24 अश्वशक्तीचा फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आधीपासून होता. त्याच्या मागील थ्री-पॉइंट लिंकेजवर, म्हणजे अवजारे जोडून वर-खाली करणाऱ्या तीन दांड्यांवर, बसणारे पॅलेट फोर्क, म्हणजे माल रचलेला फळ्यांचा तळ (पॅलेट) खालून उचलणारे दोन लोखंडी काटे, आम्ही पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या) लागवडीच्या तोंडावर घेतले. त्यानंतर उसाचा ‘सुरू’ हंगाम (डिसेंबर ते फेब्रुवारीची लागवड) गेला, पावसाळ्यातील आडसालीही गेली, आणि कोरडी जमीन, चिखल, घाई, निवांतपणा अशा सर्व परिस्थितींत ते वापरून झाले आहेत. म्हणून आता सविस्तर लिहीत आहे.

पुढच्या बाजूला लोडर बसवून त्याला फोर्क लावणे हा दुसरा पर्याय होता. लोडरमुळे उंची मिळते आणि काम चालकाच्या डोळ्यांसमोर राहते, हे खरे आहे. मात्र आम्हाला सांगितलेली किंमत फोर्कच्या कित्येक पट होती. शिवाय लोडरचा सगळा भार पुढच्या आसावर येतो, त्याला तोलण्यासाठी मागे वजन बांधावे लागते, आणि लोडर चढवलेला ट्रॅक्टर शेडनेटच्या अरुंद गल्लीत वळवणे कठीण जाते. मागचे फोर्क तीन पिना काढल्या की सुटतात आणि त्याच ट्रॅक्टरला लगेच रोटाव्हेटर जोडता येतो. ज्यांचा ट्रॅक्टर एकच आहे आणि मशागतही त्यावरच होते, त्यांच्या दृष्टीने हा मुद्दा मोठा आहे.

खरेदी करताना सर्वांत आधी पाहण्याची गोष्ट म्हणजे लिंकेजची कॅटेगरी. या वर्गातील बहुतेक ट्रॅक्टरांना कॅटेगरी 1 चे लिंकेज असते, म्हणजे खालच्या लिंकच्या (खालच्या दोन दांड्यांच्या) पिना सुमारे 22 मिलिमीटर आणि टॉप लिंकची (वरच्या मधल्या दांडीची) पिन सुमारे 19 मिलिमीटर जाडीची असते. बाजारात तयार मिळणाऱ्या अनेक फ्रेम 45–50 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांसाठी, कॅटेगरी 2 च्या मापाने केलेल्या असतात. त्यांत बुश घालून काम भागते, परंतु फ्रेमचे स्वतःचे वजन वाढते, आणि छोट्या ट्रॅक्टरवर फ्रेमचा प्रत्येक किलो मालाच्या वजनातून वजा होतो. आमची फ्रेम फोर्कसह 85 किलो भरली. याहून जड फ्रेम या ट्रॅक्टरला घेऊ नये, असे माझे मत आहे.

कोल्हापुरात फोर्कची आणखी एक सोय आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतील कारखान्यांमधून निघालेल्या जुन्या फोर्कलिफ्टचे घडीव फोर्क भंगाराच्या भावाने मिळू शकतात, आणि उद्यमनगरात त्यांच्यासाठी फ्रेम करून देणारे कारागीरही आहेत. आम्ही हाच मार्ग घेतला. अशा फोर्कमध्ये जिथे पाते काटकोनात वळते त्या जागेची जाडी कॅलिपरने मोजावी आणि ती उभ्या भागाच्या जाडीशी ताडून पाहावी. वळणावरील जाडी मूळ जाडीपेक्षा 10 टक्क्यांनी कमी झाली असल्यास तो फोर्क बाद समजतात, कारण तेवढ्या झिजेने त्याची ताकद सुमारे 20 टक्क्यांनी घटते. त्या वळणावर कोणी वेल्डिंग केलेले दिसले तर तो फोर्क फुकट मिळाला तरी घेऊ नये, कारण घडीव पोलादाला तिथे उष्णता लागली की ते कधी तडकेल याचा भरवसा राहत नाही.

आता वजनाविषयी. या खरेदीचे बरेवाईट यावरच ठरते. 24 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांच्या माहितीपत्रकात उचलण्याची क्षमता बहुधा 750 किलो अशी दिलेली असते. हा आकडा खालच्या लिंकच्या टोकाशी, म्हणजे अगदी पिना बसतात त्या गोळ्यांपाशी मोजलेला असतो. पॅलेट तिथे नसते. 1000 मिलिमीटर खोलीच्या पॅलेटवरील मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या भागापासून अर्धा मीटर मागे जातो, त्यात फ्रेमची जाडी मिळवली की माल गोळ्यांपासून बराच दूर गेलेला असतो. तिथे हायड्रॉलिकची ताकद किती उरते हे लिंकेजच्या रचनेवर अवलंबून आहे. आमच्या ट्रॅक्टरवर 400 किलोंच्या पुढे रिलीफ व्हॉल्व्हचा (दाब फार वाढला की तेल सोडून देणाऱ्या झडपेचा) बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू होतो आणि पॅलेट जमिनीपासून वीतभर उचलून तिथेच थबकते.

तथापि हायड्रॉलिक जे उचलते तेवढे ट्रॅक्टरला पेलते असे समजणे धोक्याचे आहे. आमच्या ट्रॅक्टरच्या दोन आसांमधील अंतर सुमारे दीड मीटर आहे आणि पॅलेटवरील मालाचा मध्य मागच्या आसापासून साधारण 1.35 मीटर मागे येतो. त्यामुळे 300 किलोंचे पॅलेट उचलले की पुढच्या आसावरील भार 300 गुणिले 1.35 भागिले 1.5, म्हणजे 270 किलोंनी कमी होतो. फोर्क-फ्रेमचे 85 किलो आणखी पन्नास-पंचावन्न किलो कमी करतात. वजनकाट्यावर केवळ पुढची चाके चढवून पाहिले तेव्हा मोकळ्या ट्रॅक्टरचा पुढचा भार 360 किलोंच्या आसपास भरला होता. हिशेब ज्याचा त्याने मांडावा. स्टिअरिंग हाती राहण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या आसावर असावा असा जो संकेत आहे, तो इथे पुढे वजन बांधल्याशिवाय पाळताच येत नाही.

म्हणून फोर्कच्या बरोबरीनेच बंपरवर टांगण्याची बिडाची वजने घ्यावीत, मागाहून पाहू असे म्हणू नये. फौंड्र्यांच्या गावात बिडाची वाण नाही, आणि ही वजने ओतून घेणे महागही पडत नाही. आम्ही 20 किलोंची चार वजने लावली. ती पुढच्या आसाच्याही पुढे सुमारे 60 सेंटिमीटरवर लटकत असल्याने 80 किलोंचा परिणाम पुढच्या आसावर 112 किलोंइतका होतो. वजने लावण्यापूर्वी भरलेले पॅलेट घेऊन बांध ओलांडताना पुढची चाके अलगद हवेत जात आणि स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर नाकासमोर चालत राही. वजने लावल्यानंतर 280 किलोंपर्यंत तो शहाण्यासारखा वागतो. आम्ही तीच मर्यादा पाळतो आणि ती फ्रेमवर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवली आहे, कारण ट्रॅक्टर नेहमी एकाच माणसाच्या हातात नसतो.

280 किलो म्हणजे 45 किलोंच्या युरियाच्या सहा गोण्या पॅलेटवर मांडाव्यात एवढेच. कारखान्यातील फोर्कलिफ्ट पाहिलेल्या माणसाला हे किरकोळ वाटेल. पण आमच्याकडे मुख्य काम ट्रेचे आहे, आणि तिथे हीच क्षमता पुरेशी ठरते. लाकडी पॅलेटवर आम्ही अँगलची चार कप्प्यांची मांडणी करून घेतली आहे. ट्रे भरणाऱ्या बायका टेबलापाशी बसून भरलेला ट्रे थेट त्या मांडणीत सरकवतात. मांडणी भरली की ट्रॅक्टर ती उचलून शेडनेटमध्ये नेतो, आणि रोपे तयार झाली की तीच मांडणी पुन्हा बाहेर येते. पूर्वी प्रत्येक ट्रे भरल्यापासून गाडीत चढेपर्यंत चार वेळा उचलला जाई आणि प्रत्येक उचलण्यात कडेचे कोकोपीट सांडून कोवळ्या डोळ्यांची मुळे उघडी पडत. ते आता जवळजवळ थांबले आहे. फोर्कमुळे मजुरी वाचली हे खरे, पण रोपांची मर कमी झाली हा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याचे श्रेय ट्रॅक्टरइतकेच त्या मांडणीलाही आहे. पॅलेटवर नीट रचता येईल असा माल नसेल, तर नुसते फोर्क घेऊन फारसे काही साधत नाही.

चालवण्याच्या बाबतीत तीन गोष्टी चालकाच्या अंगवळणी पडाव्या लागतात. पहिली म्हणजे ड्राफ्ट कंट्रोलचा (अवजारावरील ओढीप्रमाणे ते आपोआप वर-खाली करणारा) लिव्हर बाजूला ठेवून फोर्कचे सर्व काम पोझिशन कंट्रोलवर (ठरवलेल्या उंचीवर धरून ठेवणाऱ्या लिव्हरवर) करणे. नांगराची सवय असलेला चालक ड्राफ्टच्या लिव्हरला हात घालतो आणि मग फोर्क हव्या त्या उंचीवर ठरत नाहीत. दुसरी म्हणजे खालच्या लिंकच्या बाजूच्या साखळ्या घट्ट आवळणे. त्या सैल असतील तर पॅलेट डावी-उजवीकडे झुलते आणि शेडनेटच्या खांबाला घासते. तिसरी गोष्ट टॉप लिंकची लांबी. फोर्क जमिनीलगत असताना त्यांची टोके किंचित खाली झुकलेली असावीत, म्हणजे पॅलेटच्या फटीत ती सहज शिरतात, आणि वर उचलताना लिंकेजच्या चालीमुळे टोके आपोआप वर होऊन माल फ्रेमकडे रेलतो. हे जुळवायला आमच्या चालकाला काही आठवडे लागले. एकदा जुळल्यावर टॉप लिंकच्या आट्यांवर रंगाची खूण करून ठेवली की रोटाव्हेटर काढून फोर्क लावताना पुन्हा अंदाज घ्यावा लागत नाही.

मान मागे वळवून काम करावे लागते, ही या प्रकाराची मोठी गैरसोय आहे. रिव्हर्समध्ये पॅलेटखाली शिरताना ट्रॅक्टरचे पुढचे तोंड बाहेर फिरते, त्यामुळे मागे लक्ष असताना पुढे नळाची चावी किंवा ठिबकची पाइप चेपली जाते. दिवसभर सलग हे काम केल्यास मान आणि खांदा दुखतोच. आम्ही हे काम सकाळ आणि दुपार असे विभागून ठेवले आहे.

उंचीची मर्यादा आधी नीट समजून घ्यावी. थ्री-पॉइंट लिंकेज फोर्कला जमिनीपासून पाऊण मीटरच्या आसपासच नेते. छोटा हत्ती किंवा पिकअपच्या हौद्यात पॅलेट ठेवायला हे थोडक्यासाठी अपुरे पडते, आणि हा थोडका फरक लिंकेजमध्ये कशानेही भरून निघत नाही. आम्ही फाटकाजवळ उताराचा एक खळगा काढून त्यात गाडी मागे घेतो, म्हणजे हौदा खाली येतो आणि मांडणी सरकवता येते. पावसात मात्र त्या खळग्यात पाणी साचते आणि नेमकी आडसालीची रोपे जाण्याच्या वेळी, म्हणजे 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान, तो निकामी होतो. त्या काळात माल गाडीपाशी आणून पुढे हातानेच चढवावा लागतो. दररोज गाड्या भरणे हेच ज्यांचे मुख्य काम आहे, त्यांनी मागच्या फोर्कच्या वाटेला जाऊ नये.

आमच्याकडील काळी जमीन पावसाळ्यात या जोडणीची खरी परीक्षा घेते. पॅलेटचे वजन आणि पुढच्या आसावरून सुटलेला भार असे दोन्ही मिळून मागच्या चाकांवर येते, त्यामुळे चाके रुततात, आणि रुतलेल्या ट्रॅक्टरवरून पॅलेट खाली ठेवायलाही सपाट जागा उरत नाही. गल्ल्यांत आणि गाडीरस्त्यावर मुरूम टाकून दाबून घेतल्याशिवाय जुलैमध्ये हे काम होत नाही. मुरमाचा खर्च फोर्कच्या खर्चात धरावा. मागच्या चाकांची हवाही पुस्तिकेतील तक्ता पाहून वाढलेल्या भाराप्रमाणे ठेवावी. चढावर माल न्यायचा असल्यास ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवावा, म्हणजे वजन चढाच्या बाजूला राहते; उतरताना तोंड पुढे करून, दोन्ही ब्रेकचे पेडल एकत्र अडकवून, लहान गिअरमध्ये यावे.

पावसाळ्याचाच आणखी एक उपयोग सांगितला पाहिजे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी इशाऱ्याच्या 39 फुटांकडे सरकू लागली की आमच्या भागातील लोक सखल जागेतील सामान हलवायला लागतात. धोक्याची पातळी 43 फूट आहे, आणि मोठ्या पुरात केर्लीजवळ रत्नागिरी रस्त्यावरही पाणी येते. खत आणि पशुखाद्य पॅलेटवर रचून ठेवण्याची सवय लागल्यामुळे यंदा ते सर्व वरच्या शेडमध्ये नेणे ट्रॅक्टर आणि एक गडी एवढ्यावर भागले. एरवी असल्या वेळी मजूर मिळत नाहीत, कारण प्रत्येकाच्या घरीही तीच धावपळ चालू असते.

तक्रारीही आहेत. कारागिराने फ्रेमबरोबर दिलेल्या पिना साध्या लोखंडाच्या निघाल्या. नांगरणीत टॉप लिंकवर दाब येतो, फोर्कच्या कामात मात्र ती सतत ओढली जाते. त्या ताणामुळे वरची पिन काही आठवड्यांतच मध्यभागी वाकली आणि हातोडीने ठोकूनच निघाली. कारागिराने बदलून देण्यास टाळाटाळ केली. अखेर आम्ही दुसरीकडे इएन-8 या मजबूत पोलादाच्या पिना लेथवर काढून घेतल्या, त्या अजून सरळ आहेत. फोर्क फ्रेमवर जिथे अडकतात तिथल्या खिट्ट्याही सैल होत्या आणि मोकळ्या फेरीत दोन्ही फोर्क सरकून एकमेकांजवळ येत. त्यांना स्प्रिंग बसवून घेतल्यावर ते थांबले. शिवाय उचललेले पॅलेट तसेच ठेवले तर सकाळपर्यंत ते खाली उतरलेले असते. हायड्रॉलिक जुने झाले की हे होतेच, म्हणून माल नेहमी जमिनीवर टेकवूनच ट्रॅक्टर बंद करतो. नारळ किंवा आंबे काढण्यासाठी पॅलेटवर माणूस उभा करण्याचा मोह आमच्याकडेही कोणाला तरी झाला होता. चालकाला तशी सक्त मनाई केली आहे, कारण लिव्हरला चुकून धक्का लागला तर फोर्क वरच्या माणसासह खाली येतात.

डिझेलचा खर्च सांगण्याजोगा वाढलेला नाही, कारण हे काम कमी आरपीएमवर होते. हायड्रॉलिकचे तेल आमच्या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्सचेच असल्याने ते वेळेवर बदलणे एवढीच काळजी घ्यावी लागते.

पुढचा विचार टॉप लिंकच्या जागी हायड्रॉलिक सिलिंडर बसवण्याचा आहे, म्हणजे फोर्कचा कल खाली न उतरता बदलता येईल. त्यासाठी मागे दुहेरी कामाचा (सिलिंडर दोन्ही दिशांना हलवणारा) व्हॉल्व्ह लागतो आणि तो आमच्या ट्रॅक्टरवर नाही. तो वेगळा बसवून देण्याचा खर्च फ्रेमच्या निम्म्यावर सांगितला गेला आहे, त्यामुळे सुरू हंगामाची रोपे जाईपर्यंत टॉप लिंक हातानेच फिरवायची असे ठरवले आहे.