मालापास्कुआची संध्याकाळची डायव्ह : मँडरिन माशासाठी

फिलिपिन्समधील सेबू बेटाच्या उत्तर टोकापलीकडे मालापास्कुआ हे लहानसे बेट आहे. तिथे येणारे बहुतेक डायव्हर पहाटे दिसणाऱ्या थ्रेशर या लांब शेपटीच्या शार्कसाठी येतात आणि संध्याकाळी लाइटहाउस रीफवर होणारी मँडरिन माशाची डायव्ह वेळ उरलाच तर करतात. माझ्या मते पैसे वसूल होतात ते या दुसऱ्या डायव्हमध्ये. मात्र गाइडला मासा दाखवता येणे पुरेसे नाही, त्याच्या सवयीही ठाऊक असाव्या लागतात.

आमचा गाइड या कसोटीला उतरला. तोल सावरणारी उलांडी बाजूंना लावलेल्या ‘बांका’ नावाच्या होडीतून निघताना त्याने बजावले की, हा मासा देखण्या प्रवाळावर शोधत बसू नका. प्रवाळाच्या तुटक्या तुकड्यांचा खच जिथे पडलेला असतो, तिथल्या फटींत तो दिवसभर दडलेला असतो. जेमतेम सहा-सात सेंटिमीटर लांबीचा हा तळवासी मासा पंख्यासारख्या पोटाकडच्या परांवर टेकत सरकतो आणि कोपेपॉडसारखे बारीक जीव एकेक करून टिपतो. अंगावर खवले नाहीत; त्याऐवजी कडवट, दुर्गंधी चिकट थर आहे, त्यामुळे एवढे भडक रंग मिरवूनही शिकारी त्याच्या फारसे वाटेला जात नाहीत. बहुतेक प्राण्यांच्या अंगावरचा निळा रंग रंगद्रव्याचा नसतो, तर अंगावरच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश विखुरल्यामुळे भासतो. याच्या त्वचेतील पेशींमध्ये मात्र खरेखुरे निळे रंगद्रव्य असते, आणि ते कणीदार कृष्णधवल छायाचित्रासारख्या त्या अंधारलेल्या तळावरही ओळखू येते.

पाण्यात गेल्यावर काम एकच, ते म्हणजे एका जागी थांबणे. उजेड मावळू लागला तसा पाठीवरच्या पहिल्या पराचा लांब काटा उभारलेला एक नर फटीतून बाहेर आला आणि माद्यांभोवती घुटमळू लागला. काही वेळाने एक मादी त्याच्या पोटाकडच्या पराला टेकली, दोघे एकमेकांना बिलगून संथपणे तळापासून हातभर वर चढले, क्षणभर थरथरले आणि अंडी व शुक्राणू सोडून पुन्हा फटीत दिसेनासे झाले. अंडी प्रवाहाबरोबर तरंगत जातात. आईबाप त्यांची राखण करत नाहीत. आमच्या गाइडने लाल उजेडाचा टॉर्च तोही बाजूला वळवून धरला होता, म्हणून हे सारे निर्वेधपणे घडले. शेजारी उतरलेल्या दुसऱ्या एका गटाने पांढऱ्या टॉर्चचे झोत थेट रोखले आणि कॅमेऱ्याचे फ्लॅश उडवले. त्यांच्या समोरची जोडी अर्ध्यावरूनच परतली. एकाच जागी किती गट उतरवायचे, याचा तिथल्या डायव्हिंग केंद्रांनी आपसांत काही नियम करावा, अशी माझी तक्रार आहे.

भाड्याचे साहित्य चांगल्या स्थितीत होते. निघण्यापूर्वीची माहिती मात्र घाईत उरकली गेली. हा मासा घरच्या टाकीसाठी विकत घेणारे पुष्कळ आहेत आणि जिवंत बारीक खाद्य सतत न मिळाल्याने तो तिथे बहुधा उपासमारीने मरतो, हे तेव्हाच सांगायला हवे होते.

डायव्ह उथळ असली, तरी ती अगदी नवख्यांसाठी नाही. तळाला न टेकता आणि पायातल्या फिन्सने गाळ न उडवता तरंगत राहता येणे आवश्यक आहे. नोंदणी करताना एका गाइडमागे किती जण असतील आणि टॉर्च लाल उजेडाचे मिळतील का, हे दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. पहाटेच्या शार्कसाठी उठलेल्यांनी ही डायव्ह दुसऱ्या दिवशी ठेवलेली बरी, कारण थकलेल्या शरीराने इतका वेळ स्थिर राहणे जमत नाही.