व्हिक्टोरियन मॉडेल फार्मची गाइडेड टूर: पाय दुखले पण वसूल

इंग्लंडमधल्या एका जुन्या इस्टेटवरच्या फार्म बिल्डिंग्जची दोन तासांची टूर केली, तिकीट १८ पाउंड, आधी वाटलं गोठे बघायला कोण एवढे देतं 😅 पण गाइड काका जबरदस्त निघाले. १८४६ ला कॉर्न लॉज (बाहेरून येणाऱ्या धान्यावर कर लावणारे कायदे) रद्द झाले, बाहेरचं स्वस्त धान्य येणार म्हणून जमीनदारांनी शेती सुधारायला पैसा ओतला, आणि त्यातूनच ही फॅक्टरीसारखी, इतरांना नमुना म्हणून दाखवायची मॉडेल फार्म्स उभी राहिली, कोठारात वाफेच्या इंजिनावर मळणी, त्याच चक्रावर चारा कापणं, म्हणून तर शेतात चक्क विटांचं धुराडं दिसतं!

मला सगळ्यात आवडलं ते छप्पर घातलेलं जनावरांचं अंगण. पावसाने शेणखतातला कस वाहून जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप, किती डोकं लावलंय बघा. रेल्वेमुळे वेल्सची स्लेट (छपरावर घालायच्या दगडी पाट्या) लांबवर पोचायला लागली तशी गवताची छपरं मागे पडली, हेही तिथेच कळलं. विंडसरजवळच्या फ्रॉगमोरला राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याने, प्रिन्स अल्बर्टने १८५८ ची जी रॉयल डेअरी बांधून घेतली तिच्यात मिंटन या चिनी मातीच्या कंपनीच्या टाइल्स आहेत, त्याचे फोटो दाखवले, दुधाच्या खोलीचा असला थाट!

१८७० नंतर अमेरिकन गव्हाने भाव पाडले आणि हा सगळा खर्च अंगलट आला, तो भाग मात्र पाच मिनिटांत उरकला, राग आला. बसायला एक बाक नाही, चिखल भरपूर, बूट जुनेच घाला. ४/५.