पंपकिन बिअर : ऑगस्ट ते जानेवारी, पूर्ण सीझनचा अनुभव

आधीच सांगून टाकते, मला पंपकिन बिअर, म्हणजे भोपळा आणि मसाले घालून केलेली बिअर, मनापासून आवडते, आणि "छे, त्यात नुसती दालचिनी असते" म्हणणारे दरवर्षी कुणी ना कुणी भेटतातच, म्हणून यावेळी ठरवून एकच बिअर सीझनभर घरात ठेवली आणि हे सविस्तर लिहितेय. बिअर म्हणजे डॉगफिश हेडची पंकिन एल (एल हा बिअरचाच एक प्रकार). ऑगस्टच्या शेवटी घेतली ती जानेवारीपर्यंत पुरवली, अधूनमधून दुसऱ्याही चाखल्या पण घरातली हीच.

डॉगफिश हेड ही डेलावेअरमधल्या मिल्टन गावची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, आमच्या न्यू जर्सीतून फार लांब नाही. गंमत म्हणजे ही बिअर ब्रुअरीपेक्षा जुनी आहे. तिकडे पंकिन चंकिन म्हणून स्पर्धा व्हायची, भोपळे तोफांनी नि गोफणीसारख्या यंत्रांनी लांबवर फेकायची, खरंच, त्यातल्याच रेसिपीच्या स्पर्धेत १९९४ मध्ये डॉगफिश हेडच्या संस्थापकाने, सॅम कॅलाजिओनीने, ही बिअर दिली आणि बक्षीस मिळवलं, ब्रुअरी उघडली १९९५ मध्ये. नावही तिथूनच आलं. अल्कोहोल ७ टक्के, म्हणजे साध्या लागर बिअरसारखी घटाघट प्यायची नाही. मूळची ब्राऊन एल, त्यात भोपळ्याचा गर, ब्राऊन शुगर, दालचिनी, जायफळ आणि ऑलस्पाइस.

आता चव. फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर जवळजवळ काहीच कळत नाही, थोडी गोड ब्राऊन एल वाटते नि संपते. पण ओतून वीसेक मिनिटं तशीच राहू द्या (दहाबारा डिग्री सेल्सिअसला ही सगळ्यात छान लागते), मग आधी भाजलेल्या मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) वास येतो, मग काकवीसारखा गोडवा, आणि घोट गिळल्यावर मागून जायफळ. मसाला घशाशी येतो, जिभेच्या टोकावर नाही, आणि हेच मला हिचं सगळ्यात आवडतं. शेवटी थोडी कोरडी पडते त्यामुळे दुसरा घोट घ्यावासा वाटतो. याच सीझनला दुसरी एक आणली होती, नाव नाही घेत, तिच्यात दालचिनी इतकी की बिअर शोधावी लागली, अर्धा ग्लास ओतून टाकला. म्हणजे तक्रार करणारे अगदीच चूक नाहीत, पण एका बाटलीवरून अख्ख्या प्रकाराला नावं ठेवू नका एवढंच माझं म्हणणं.

"भोपळ्याची चव कुठेय?" हा प्रश्न हमखास येतो. तर भोपळ्याला स्वतःची चव अशी फार नसतेच, त्यात मुख्य पाणी आणि थोडा स्टार्च, साखर, आणि साखर यीस्ट खाऊन टाकतं. उरतो तो बॉडीतला, म्हणजे तोंडात जाणवणाऱ्या दाटपणातला, किंचित मऊपणा. इंग्रजांच्या वसाहतींच्या काळात इकडे अमेरिकेत चांगलं मॉल्ट मिळायची मारामार होती म्हणून लोक भोपळा आंबवायचे, चवीसाठी नव्हे. नंतर १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात हेवर्डला बफेलो बिल्स ब्रुअरीच्या बिल ओवेन्सने जॉर्ज वॉशिंग्टनच्या काळातल्या भोपळ्याच्या बिअरबद्दल वाचून स्वतः भोपळा घालून करून बघितली, भोपळा काही लागेना, तेव्हा त्याने पंपकिन पायचा (भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेल्या पदार्थाचा) मसाला आणून घातला आणि आजची पंपकिन बिअर तिथून सुरू झाली. तेव्हा आपण जिला भोपळ्याची चव म्हणतो ती खरं तर पायच्या मसाल्याची, हे डोक्यात ठेवून प्यायलात तर निराशा होणार नाही. आणि हॅलोविनला कोरतात तो नारिंगी भोपळा वेगळा बरं का, इकडे पायसाठी लिबीजचा डबा मिळतो त्यातली डिकिन्सन जात आणि आपला भाजीचा लाल भोपळा हे साधारण एकाच प्रजातीतले, कुकुर्बिटा मोस्काटा.

त्यावरून आठवलं. दिवाळीच्या सुमारास आई इकडे होती, तिने लाल भोपळ्याचे घारगे केले, भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक, थोडं तांदळाचं पीठ, वरून खसखस लावून तळायचे. मी गरम घारगा आणि ही बिअर घेऊन बसले. आईने प्यायली नाही, फक्त ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाली, "अगं, यात जायफळ उगाळून घातलंय की!" बरोब्बर! गुळाचा खमंगपणा आणि बिअरमधली ब्राऊन शुगर एकमेकांना इतकी धरून होती की चीज, विंग्ज, पाय सगळ्यांबरोबर खाऊन बघितल्यावरही माझं पहिलं मत घारग्यांनाच. पंपकिन पायबरोबर मात्र नको, गोडावर गोड होतं आणि बिअर फिकी पडते.

महिन्यांचा फरक सांगते, कारण हे कुठे फारसं लिहिलेलं दिसत नाही. ऑगस्टमध्ये घामाच्या धारा लागलेल्या असताना ही पिणं अजिबात पटत नाही, दुकानात इतक्या लवकर का येते माहितेय, सगळ्या ब्रुअरीवाल्यांना आपली बिअर शेल्फवर आधी हवी असते, आणि त्या वर्षीचा भोपळा तेव्हा शेतात तयारही नसतो. ऑक्टोबरच्या मध्यावर, पानं पडायला लागली आणि संध्याकाळी जॅकेट लागायला लागलं की हीच बिअर एकदम जागेवर येते. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत मसाला ताजा होता, टर्कीबरोबर आणि स्टफिंगबरोबर मस्त गेली. डिसेंबरात दालचिनी मागे सरकली. जानेवारीतल्या शेवटच्या बाटलीत जायफळ फक्त वासाला, पुढे सगळी टॉफी आणि मॉल्ट, वाईट नाही, पण ती आता नुसती चांगली ब्राऊन एल होती, आणि पंपकिन बिअर म्हणून ठेवायची तर डिसेंबरच्या पुढे नको.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनच्या वायरबाकरची इम्पीरियल पंपकिन ८ टक्क्यांची, तिच्यात वेलची आहे, आपल्या लोकांना ती पहिल्याच घोटात ओळखीची वाटेल, नवऱ्याची आवडती तीच. न्यूयॉर्क राज्यातल्या सदर्न टियरची पंपकिंग ८.६ टक्के, व्हॅनिला आणि पायच्या पारीसारखी चव, डेझर्टऐवजी एकच दोघांत वाटून प्या. ज्यांना हलकी हवी त्यांनी मेनमधल्या शिपयार्डची पंपकिनहेड घ्यावी, बारमध्ये तिच्या ग्लासच्या कडेला दालचिनी-साखर लावून देतात, मी ती न लावता मागते कारण मग बिअर कळते.

घेताना बाटलीवरची तारीख बघा, मागच्या सीझनची उरलेली स्वस्तात लावलेली असते ती घेऊ नका. ग्लास रुंद तोंडाचा घ्या, बाटलीतून पिऊ नका, वास सगळा वाया जातो. पुढच्या वर्षी मी ऑगस्टात हात लावणार नाही, सप्टेंबरच्या शेवटी दोन सिक्सपॅक घेणार, आणि घारग्यांसाठी भोपळाही त्याच फेरीत.